ताईच्या घरातली थंडी: एका प्रकरणाचा पूर्ण हिशेब

रात्री साडेआठला ताईचा फोन. मावशींचं डोकं धरलंय, मळमळतंय, आणि आता भाचीचंही तसंच सुरू झालंय, ताप नाही, पोट बिघडलेलं नाही, काय असेल रे? मी काही डॉक्टर नाही, पण सहज विचारलं की बसलाय कुठे सगळे, तर म्हणाली हॉलमधे, गॅसचा हीटर लावलाय, दार घट्ट लावून खाली टॉवेल कोंबलाय, वारं येतं ना. म्हटलं ताई, बोलणं नंतर, आधी हीटर बंद कर, दारं-खिडक्या सताड उघड आणि दोघींना बाहेर अंगणात ने. ती वैतागलीच, बाहेर ३ अंश आहे म्हणे, मावशींना बाहेर कसं नेऊ. नेलं शेवटी शाली गुंडाळून. वीसेक मिनिटांत भाचीला हलकं वाटायला लागलं आणि तेव्हा माझी खात्रीच पटली, कारण साधं आजारपण असं दार उघडल्यावर उतरत नाही. दाजी तसेच दोघींना घेऊन दवाखान्यात गेले, तिथे ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. दोघी ठीक आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण अंगाला ऑक्सिजन पोचत नाही. दाजींचं म्हणणं होतं की हीटरला सेन्सर आहे, आपोआप बंद होतो. आहे, पण तो सेन्सर खोलीतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांपर्यंत उतरला की गॅस तोडतो, मोनॉक्साइड तो मोजतच नाही. बर्नरवर धूळ-कचरा बसून ज्योत नीट जळत नसेल तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विष तयार होऊ शकतं. यांच्या हीटरची ज्योत मी नंतर पाहिली, निळी असायला हवी ती पिवळट आणि लवलवती होती. दोन हिवाळे कुणी उघडून साफ केलेला नव्हता.

तर त्या रात्रीनंतर 'आता काय लावायचं' हा विषय माझ्याकडे आला. कारण मी घरातला 'इंजिनीअर'. माझं काम पंपांचं आहे, घरं गरम करण्याचं नाही, पण बहिणीला हे सांगून उपयोग नसतो.

घर आणि माणसं

घर बैठं, साधारण ८० चौरस मीटर, विटांच्या ९ इंची भिंती, वर उघडी काँक्रीटची गच्ची, खिडक्यांना एकेरी काच. हिवाळा लांबलचक, रात्री २ अंशापर्यंत सहज उतरतं, कधी त्याच्याही खाली. माणसं चार: ताई आणि दाजी दिवसभर बाहेर, भाची शाळेतून दुपारी येते, आणि मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, वय ७८, साखर आहे, गुडघे गेलेत, चोवीस तास घरात. हे चारही जण एकाच घरात राहतात पण त्यांना लागणारी ऊब एक नाही, ही गोष्ट आधी कुणाच्या डोक्यात आलीच नव्हती, माझ्याही नाही.

तेव्हा चालू असलेला कारभार असा. मावशींच्या खोलीत २००० वॅटचा ऑइल हीटर, दिवसरात्र मिळून चौदा-पंधरा तास. हॉलमधे संध्याकाळी पंख्याचा हीटर, तोही २००० वॅटचा, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून जोडीला गॅसचा. एवढं करून मावशींच्या खोलीत १७ च्या वर काटा जात नव्हता. मी मुद्दाम डिजिटल थर्मामीटर नेऊन तीन दिवस ठेवला, पहाटे १५, दुपारी १७. आता जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची घर आणि आरोग्य याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात थंड हवामानात घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं म्हटलंय आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, जुनाट आजारी यांना याहून जास्त लागू शकतं असंही. म्हणजे घरात सगळ्यात जास्त ऊब जिला हवी तिचीच खोली त्या किमान रेषेच्या खाली, आणि मीटर मात्र रोज हीटरचेच ३८ युनिट पळतोय.

सगळ्यांची मतं आधीच ठरलेली होती हे सांगायलाच हवं. दाजींना अजून एक हीटर हवा होता, मोठा. ताईला लाकडाचा बंद स्टोव्ह हवा होता, कारण तिच्या मैत्रिणीकडे आहे आणि दिसतो छान. दुकानदार सांगत होता ऑइलवाला नवीन मॉडेल घ्या, कमी वीज खातो. आणि मावशी म्हणत होत्या काही नको, मला एक जाड पांघरूण द्या, उगाच बिलं वाढवू नका.

दुकानदाराचं आधी निकालात काढतो. विजेचा साधा हीटर कुठलाही असो, ऑइल, कॉइल, हॅलोजन, पंखा, एक युनिट वीज घेतली की एक युनिटच उष्णता देतो, ८६० किलोकॅलरी, ना जास्त ना कमी. 'कमी खातो' याचा अर्थ तो कमी गरम करतो एवढाच. ऑइल हीटरचे फायदे वेगळे आहेत, आवाज नाही, लाल तापलेली तार नाही, पडदा लागून पेटायची भीती कमी, पण बिलाच्या बाबतीत तो आणि पंख्याचा हीटर सख्खे भाऊ. आणि जाता जाता, 'विजेचा हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो, म्हणून वाटीभर पाणी ठेवा' हेही डोक्यातून काढा. विजेच्या हीटरमधे काही जळतच नाही तर ऑक्सिजन खाणार कोण. घसा कोरडा पडतो तो वेगळ्या कारणानं, बाहेरची २ अंशाची ८० टक्के दमट हवा आत येऊन २० अंशाला तापली की तिची आर्द्रता चोवीस-पंचवीस टक्क्यांवर येते, पाणी तेवढंच असतं पण गरम हवेला ते पुरत नाही. वाटीभर पाण्यानं त्यात नावापुरता फरक पडतो.

उदबत्ती आणि कॅल्क्युलेटर

रविवारी वारा सुटला होता, तो मुहूर्त साधला. उदबत्ती पेटवून मावशींच्या खोलीत सगळीकडे फिरवली. खिडकीच्या चौकटीपाशी धूर थोडा हलला, दाराखाली बऱ्यापैकी आडवा झाला, पण खरी गंमत बाथरूमपाशी. खोलीला लागून बाथरूम आहे, त्याच्या बंद दाराच्या फटीजवळ उदबत्ती नेली तर धूर दोऱ्यासारखा ताणून आत खेचला गेला, सरळ रेषेत, मधे कुठे वळणसुद्धा नाही. आत जाऊन बघतो तर वर काचेच्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर, पाच पट्ट्यांपैकी दोन नाहीतच, उरलेल्या तीन गंजून अर्ध्या उघड्या अडकलेल्या. म्हणजे २००० वॅटचा हीटर इतकी वर्षं त्या भोकातून आभाळ गरम करत होता. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी सांगत होते ना वारं लागतं म्हणून, तुम्ही म्हणायचात वयामुळे वाटतं."

मग बसून हिशेब केला. खोली ४ बाय ३.५ मीटर, उंची ३. दोन भिंती बाहेरच्या. पद्धत सोपी आहे, प्रत्येक पृष्ठभागातून एका अंशाच्या फरकाला किती वॅट बाहेर जातात ते काढायचं. प्लास्टर केलेली ९ इंची वीट चौरस मीटरला साधारण २ वॅट, उघडा काँक्रीट स्लॅब ३ च्या वर, एकेरी काच ५.७ च्या आसपास. त्यावरून भिंती ४१ वॅट, छत ४६, खिडकी १०, जमीन अंदाजे १०, आणि फटींतून तासाला खोलीतली दीडपट हवा बदलते असं धरलं तर तिचे २१. बेरीज १२८ वॅट, एका अंशामागे. बाहेर २ आणि आत २० पाहिजे म्हणजे १८ अंशांचा फरक, १२८ गुणिले १८, झाले २३०० वॅट.

आणि हीटर २००० चा. चोवीस तास फुल लावला तरी १७-१८ लाच अडकणार, थर्मामीटर तेच तर सांगत होता! हा आकडा जुळला तेव्हा मला जो आनंद झाला तो घरात कुणालाच कळला नाही. दाजी म्हणाले बघा, मी म्हणत होतो मोठा हीटर हवा.

दाजींचा मुद्दा आकड्यांनुसार चूक नव्हता, पण पुढे जाऊन अडत होता. हाच हिशेब अख्ख्या घराला लावला तर साडेबारा किलोवॅट येतो आणि यांचं वीज कनेक्शन ५ किलोवॅटचं. मुळात आहे त्या लोडलाच वायरिंग रडत होतं. मावशींचा हीटर एक्स्टेंशन बोर्डावर होता, मी प्लग काढला तर एक पिन तपकिरी पडलेली आणि बोर्डाचं प्लास्टिक त्या भोकाभोवती वितळून ओठासारखं वर आलेलं. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर, तेही तासन्‌तास, आणि बोर्ड मोबाइल चार्ज करायच्या लायकीचा. हीटर थेट भिंतीतल्या पॉवर पॉइंटलाच लावायचा, मधे एक्स्टेंशन नाही म्हणजे नाही. त्या दिवशी लगेच हलवला.

अजून एक गोष्ट हिशेबातून समजली जी मावशी त्यांच्या भाषेत रोज सांगत होत्या. त्या म्हणायच्या हवा गरम झाली तरी भिंत अंगावर येते. आम्ही हसायचो. पण अंगाला जाणवणारं तापमान म्हणजे ढोबळमानानं हवेचं आणि आजूबाजूच्या भिंती-छताचं सरासरी. हवा १८ आणि भिंत १४, छत त्याहून गार, तर माणसाला सोळा-एक अंशच वाटणार. भिंत खरंच अंगावर येत होती.

पर्याय, आणि का नाही

गॅसचा हीटर तर त्या रात्रीच बाद झाला होता पण त्याचं दुसरं पाप नंतर सापडलं. हॉलच्या कोपऱ्यात कपाटामागे काळी बुरशी होती, ताई समजत होती भिंतीला बाहेरून ओल आहे. गॅस जळला की पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे साधारण १.६ किलो. धुराडं नसलेला ३ किलोवॅटचा हीटर चार तास चालला तर जवळजवळ दीड लिटर पाणी वाफ होऊन खोलीत, आणि जाणार कुठे, सगळ्यात गार जागी जाऊन बसणार. १८ अंश, ७० टक्के आर्द्रतेची हवा साडेबारा अंशाच्या पृष्ठभागाला लागली की दव पडतं. भिंतीचा मधला भाग चौदाच्या आसपास असतो म्हणून तिथे दिसत नाही, कोपरा आणि कपाटामागची जागा त्याहून गार, तिथे बुरशी. रॉकेलच्या बिनधुराड्याच्या हीटरचंही तेच, एक लिटर रॉकेल जाळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी.

इथे एक क्रम सांभाळायचा असतो आणि तो उलटा केला तर जीवावर बेतेल: ज्या घरात बिनधुराड्याचा गॅस किंवा रॉकेल हीटर चालतो तिथे फटी बुजवायच्या नाहीत. आधी तो हीटर घराबाहेर काढायचा, मगच फटी. ताईने नेमकं उलटं केलं होतं, टॉवेल कोंबून. फटी होत्या म्हणून दोन वर्षं निभावलं, टॉवेल आला आणि गडबड झाली.

लाकडाचा स्टोव्ह. यावर ताईशी माझं खरं भांडण झालं, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. बंद दाराचा, धुराड्याचा चांगला स्टोव्ह ७०-७५ टक्के उष्णता घरात देतो, उघडी शेकोटी जेमतेम १०-२० टक्के देते आणि उलट घरातली गरम हवा धुराड्यातून ओढून नेते. वीज गेली तरी स्टोव्ह चालतो, आणि तिथे हिवाळ्यात वीज जातेच. हा मुद्दा वजनदार आहे. पण वाळलेल्या लाकडात किलोला ४ युनिटच्या आसपास ऊर्जा, रोज सहा तास ६ किलोवॅट हवेत तर दिवसाला १२ किलो लाकूड, शंभर दिवसांना १२०० किलो, तेही ओलावा २० टक्क्यांच्या खाली असलेलं, नाहीतर बरीचशी आग पाणी उकळण्यात जाते आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसून तोच कधीतरी पेटतो. मी विचारलं, ठीक आहे, दुपारी तू ऑफिसात, दाजी ऑफिसात, लाकूड कोण घालणार, मावशी? त्यावर ती गप्प झाली. साधन कितीही उत्तम असो, ते चालवणारा माणूस त्या वेळी घरात हवा ना.

बॉयलर आणि प्रत्येक खोलीत रेडिएटर हा पर्याय आम्ही फार चिवडला नाही. नवीन घर बांधताना उत्तम, राहत्या घरात भिंती फोडून पाइप टाकायचे म्हणजे एक हिवाळा त्यातच जाईल. शिवाय चांगला कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेणारा, तोसुद्धा खऱ्या अर्थानं कंडेन्सिंग तेव्हाच असतो जेव्हा परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असतं, बरेच जण ७०-८० वर पाणी फिरवतात आणि मग कागदावरची नव्वद टक्क्यांपुढची एफिशियन्सी कुठे गेली म्हणून शोधत बसतात.

राहिला हीट पंप, म्हणजे साध्या भाषेत उलटा चालणारा एसी. दाजींचा यावर विश्वासच बसेना. "बाहेर २ अंश असताना बाहेरून उष्णता आणणार? असेल कुठे ती?" प्रश्न रास्त आहे. फ्रिजमधे ४ अंश असतं आणि फ्रिजच्या मागची जाळी गरम असते, ती ऊब आतूनच काढलेली असते ना, तसंच हे, इथे अंगण म्हणजे फ्रिजचं आतलं आणि खोली म्हणजे मागची जाळी. आजकालच्या मशीनमधला आर-३२ वायू साध्या दाबाला उणे ५२ अंशाला उकळतो, त्याच्या दृष्टीनं २ अंशाची हवा म्हणजे चांगली तापलेली शेगडी. कल्पना नवीही नाही, लॉर्ड केल्विन म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मधेच मांडली होती, आणि झुरिचच्या टाउन हॉलमधे १९३८ पासून नदीच्या पाण्यातून उष्णता ओढणारा पंप बसवला होता. एवढं सांगितल्यावर दाजी म्हणाले, बरं, बघू.

फायदा असा की एक युनिट वीज कॉम्प्रेसर फिरवायला जाते आणि बाहेरून दोन-अडीच युनिट उष्णता आत येते, म्हणजे एकाला तीन-साडेतीन. याला सीओपी म्हणतात. पण हा आकडा बाहेरच्या तापमानाबरोबर घसरतो, आणि कॅटलॉगमधला आकडा बाहेर ७ अंश असताना मोजलेला असतो, हे कुणी आपणहून सांगत नाही. त्यामुळे घेताना विचारायचं की २ ला किती, उणे ७ ला किती किलोवॅट देतं. आणि फक्त थंड करणारा एसी घरात असेल तर तो उलटा चालणार नाही, त्यासाठी वायूचा प्रवाह उलटा फिरवणारा फोर-वे व्हॉल्व्ह मुळातच आत असावा लागतो.

गॅस स्वस्त की वीज हा वाद ज्याच्या त्याच्या बिलावर ठरतो, पण सोडवायचं सूत्र एकच आहे. एका युनिट विजेचा भाव भागिले एका युनिट गॅसचा भाव, दोन्ही किलोवॅट-तासात. हे उत्तर सीओपी भागिले बॉयलरची एफिशियन्सी यापेक्षा कमी आलं तर हीट पंप स्वस्त. सीओपी ३ आणि बॉयलर ९० टक्के धरला तर ३.३. यांच्याकडे उत्तर बरंच खाली आलं, तिथे विषय संपला.

काय केलं आणि काय फसलं

पहिलं काम दोन तासांत झालं आणि सगळ्यात जास्त परतावा त्याचाच. व्हेंटिलेटरला नवीन पट्ट्या, दाराखाली ब्रश, खिडक्यांच्या चौकटींना रबरी पट्टी. हवा पूर्ण कोंडली नाही, बाथरूमला छोटा फॅन झडपेसहित लावला, आंघोळीनंतर वाफ बाहेर. स्वयंपाकघराची जाळी तशीच ठेवली कारण तिथे गॅसची शेगडी आहे. आणि तिथल्याच बाजूला मोनॉक्साइडचा अलार्म. घेताना बघितलं की १०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग मोनॉक्साइड असताना, १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजणारा आहे, युरोपात जे प्रमाण आहे त्यानुसार.

दुसरं, गच्ची. तिचं वॉटरप्रूफिंग तसंही उखडलं होतं, दोन पावसाळे 'करू करू' चाललेलं. म्हटलं करायचंच आहे तर त्याच खर्चात स्लॅबवर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारे कडक फोमचे, टाकून घ्या. खालून फॉल्स सीलिंग करूनही झालं असतं पण वरून केलं की स्लॅब स्वतः घराच्या उबेत येतो, दव धरत नाही, आणि तापलेला राहतो. छताचे ४६ वॅट ८ वर आले. खिडकीला आतून दुसरी काच, जाड पडदा. मावशींच्या खोलीचं गणित २३०० वरून १३०० च्या आसपास, अख्ख्या घराचं साडेबारा किलोवॅटवरून पावणेसातवर. भिंती तशाच सोडल्या, त्या बाहेरून लपेटायचं काम पुढच्या रंगकामाच्या वेळी.

गच्चीचं काम झाल्यावर, हीट पंप यायच्या आधी, दहा-बारा दिवस जुन्याच ऑइल हीटरवर गेले. त्याच हीटरनं खोली २० ला गेली आणि थर्मोस्टॅट कट व्हायला लागला, जो आवाज त्या घरात कुणी कधी ऐकलाच नव्हता. मावशींना वाटलं हीटर बिघडला.

मग दोन स्प्लिट युनिट, एक मावशींकडे, एक हॉलमधे. दुकानदार एका बाहेरच्या युनिटवर दोन जोडू म्हणत होता, मी नको म्हटलं, ते एक बंद पडलं तर ऐन थंडीत दोन्ही खोल्या गार. मोठ्या टनाचं घ्या हाही आग्रह झाला, पण १३०० वॅट लागणाऱ्या खोलीला दणकट मशीन लावलं की ते सारखं चालू-बंद होत राहतं. सगळ्यात छोटं इन्व्हर्टर मॉडेल घेतलं, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं.

फसलं ते इथे. आतलं युनिट मी पलंगाच्या समोरच्या भिंतीवर लावायला सांगितलं, हवा सगळीकडे जावी म्हणून. चौथ्या दिवशी ताईचा फोन, मावशी मशीन बंद करून ठेवतात. का, तर "वारं लागतं." हवा गरम होती, पण म्हातारपणी चेहऱ्यावर हलती हवा नकोच वाटते, आणि मी गणितात वॅट धरले, वाऱ्याची दिशा धरलीच नाही. झडप खाली वळवून, पंखा सगळ्यात हळू करून, पलंग दोन फूट सरकवून ते सुटलं.

दुसरं लफडं रात्री बाराला. व्हिडिओ कॉल, ताई घाबरलेली, बाहेरच्या युनिटमधून वाफेचा लोट आणि आत फुस्स असा आवाज होऊन पंखा बंद. मशीन पेटलं म्हणत होती. ते डीफ्रॉस्ट होतं. शून्य ते पाच अंश आणि दमट हवा असली की बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन पाच-दहा मिनिटं उलटं फिरतं आणि गार हवा अंगावर येऊ नये म्हणून आतला पंखा थांबवतं. हे बसवणाऱ्यानं सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, आणि खरं तर मीही विसरलोच. वितळलेलं पाणी खाली पायरीवर गोठून दाजी एकदा घसरले तेव्हा युनिट स्टँडवर फूटभर उचललं.

वीज जाण्याचा प्रश्न उरतोच. त्यासाठी मावशींना विजेचं ब्लँकेट, १०० वॅटचं. आधीच घरात असलेल्या इन्व्हर्टर-बॅटरीवर रात्रभर चालतं, आठ तासांना एक युनिटही लागत नाही. मात्र साखरेमुळे त्यांच्या पायांची जाणीव कमी झालीये, जास्त तापलं तर कळणार नाही आणि भाजेल, म्हणून डॉक्टरांना विचारलं, आणि आता झोपायच्या आधी अर्धा तास गादी तापवून मग बंद, वीज गेलीच तर सगळ्यात कमी पॉइंटवर, आणि पायाखाली कधीच नाही. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या ना की एक जाड पांघरूण द्या, तर तेही शेवटी आलंच.

तीन तास वीज गेली होती एकदा, खोली २० वरून १८ वर आली. पूर्वी तेवढ्यात पांघरुणातून नाक बाहेर काढवत नसे.

पुढच्या हिवाळ्यातलं मीटर: मावशींची खोली चोवीस तास २० वर, हॉल संध्याकाळी, दोन्ही मिळून दिवसाला १३-१४ युनिट. आधीचे ३८ अधिक गॅस वेगळा. ज्या पंधरवड्यात पारा शून्याखाली गेला तेव्हा युनिट दिवसाला २० च्या पुढेही गेले, हेही लिहून ठेवतो. भाचीची खोली अजून गारच आहे, ती अभ्यासाला हॉलमधे येऊन बसते आणि याबद्दल रोज एक टोमणा मला फोनवर मिळतो.

गॅसचा तो हीटर दाजींनी टाकून दिला नाहीये. माळ्यावर आहे, "असू दे, कधी लागला तर." मी मागच्या वेळी गेलो तेव्हा स्टुलावर चढून त्याचा रेग्युलेटर आणि पाइप काढून आणला, तो आता माझ्या कपाटात आहे, आणि दाजींना अजून कळलेलं नाही.